वाऱ्याची बेगमी

पावसाची तयारी आमच्या घराला शिकवावी लागत नाही. चैत्र सरत आला की ती आपसूक सुरू होते आणि मृगाच्या तोंडावर संपते. आधी लाकूडफाटा. वाडीत वर्षभर पडलेल्या झावळ्या, पोया, विऱ्या, नारळाची सोडणं गोळा करून पडवीच्या एका अंगाला रचायची. खाली जाड लाकडं, वर काटक्या आणि हाताशी पेटवणाची सोडणं. मग घर शाकारणं. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे हातोडीनं ठोकून त्यांचा आवाज ऐकायचा, वाळवीनं पोखरलेली रीप बदलायची, कौलं पुन्हा बसवायची. मग आगोट भरणं: तांदूळ, कडवे वाल, कुळीथ, मीठ, मिरची, आंबोशी, आमसुलं, फणसाचे तळलेले गरे, पोह्याचे पापड, खाणाऱ्यांच्या घरी सोडे, सुकट, बोंबील. आणि सगळ्यात शेवटी पडवीच्या पश्चिम अंगाला विणलेली झापं बांधायची, म्हणजे झड आत येत नाही. कुठलं काम कधी आणि कोणी करायचं हे ठरलेलं. कोणी कोणाला सांगत नाही. राहिलं तर बोलणी मात्र बसतात.

वाऱ्याची तयारी अशी नव्हती. वाऱ्यासाठी म्हणून घरात एकही काम ठरलेलं नव्हतं. जून २०२० च्या पहिल्या दोन दिवसांत ती आम्हाला एकदम करावी लागली, आणि ती करताना प्रत्येकाचे हात पुन्हा पुन्हा पावसाच्याच कामांकडे वळत होते.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्रकाठचं. गावात एक लांबच लांब रस्ता, दुतर्फा घरं, घरामागे वाडी. आमची वाडी पश्चिमेच्या अंगाची. मागच्या दारातून निघालं की माड-पोफळींतून चालत थेट पुळणीवर. मधे केवड्याचं बन आणि सुरूची झाडं. घरातून समुद्र कधी दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. मी मार्चमध्ये पुण्याहून चार दिवस म्हणून आले होते, टाळेबंदी लागली आणि तिथेच राहिले. घरात दादा, वहिनी, कॉलेजात जाणारा पुतण्या आणि ऐंशी ओलांडलेली आत्या. घराची आगोट आत्याच्या ताब्यात, वाडी दादाच्या. या दोन खात्यांमध्ये सहसा कोणी ढवळाढवळ करत नाही.

३१ मेला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली. त्या सुमाराला असं होतंच आणि त्यामागून पाऊस येतो, त्यामुळे ऐकून बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी हवामान खात्याचं पत्रक आलं: हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान कुठेतरी, ३ जूनला, वादळ किनाऱ्याला लागेल. हरिहरेश्वर आमच्याच तालुक्यातलं. पण असं पत्रक वाचताना माणूस आपल्या सोयीचं टोक धरतो. पार दमणपर्यंत किनारा पडलाय, ते नेमकं आपल्याच दारात कशाला तडमडायला येईल, असं रस्त्यावर जो तो म्हणत होता. टीव्हीवाले तर मुंबईशिवाय दुसरं नाव घेत नव्हते. २ जूनला पत्रकात अलिबागचं नाव आलं आणि रस्त्यावरचं बोलणं कमी झालं.

बंगालच्या उपसागराकडच्या लोकांना वाऱ्याची ही तयारी ठाऊक आहे, पण ती त्यांना फार महागात मिळाली. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर निवारे उभे राहिले, गावोगाव सराव झाले, आणि २०१९ मध्ये फनी आलं तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांना आधीच हलवता आलं. आमच्या बाजूला वादळं कमी. जी होतात त्यातली बरीचशी ओमान-येमेनकडे नाहीतर गुजरातेत जातात. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान लोकांच्या लक्षात होतं, पण तेही मुख्यतः बोटींचं नुकसान म्हणून. आमच्या गावात निवारा म्हणजे प्राथमिक शाळा, आणि त्या शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात होते. पुळणीजवळच्या घरांतल्या लोकांना हलवायचं तर कुठे, यावर ग्रामपंचायतीत एक अख्खी सकाळ गेली. करोनाला भ्यायचं की वाऱ्याला, असा तो प्रश्न होता. शेवटी चाकरमानी एका टोकाच्या वर्गात आणि बाकीचे दुसऱ्या टोकाच्या, असं ठरलं.

घरात मात्र प्रश्न आत्यानं सोडवला. १ जूनला संध्याकाळी तिनं एवढंच विचारलं, “वीज जाईल ना रे?”

“जाईलच,” पुतण्या म्हणाला. “किती दिवस ते सांगता येत नाही.”

“मग आधी दळण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी डबे घेऊन गिरणीवर गेले तर निम्मा गाव तिथेच. गिरणीपुढे टाळेबंदीत आखलेले चुन्याचे गोल होते. गोलांत माणसं नव्हती, डबे उभे होते; पत्र्याचे, स्टीलचे, एक जुना डालड्याचा. माणसं पलीकडे वडाखाली घोळका करून, रुमाल हनुवटीवर ओढून वाऱ्याच्या गप्पा मारत होती. गिरणीवाल्यानं जाहीर करून टाकलं की आज फक्त तांदूळ आणि गहू, भाजणी आणि मेतकूट कोणी काढू नका. एका काकूंनी तरीही भाजणीचा डबा पुढे सरकवला आणि तिथे जे काही झालं ते मी लिहीत नाही. त्या वडाला शुक्रवारी, ५ तारखेला, वटपौर्णिमेचे फेरे घालायचे होते. तो बुधवारीच पडला. शुक्रवारी गावातल्या बायकांनी आडव्या खोडाला जमेल तसं सूत गुंडाळलं आणि मुळं उपटून झालेल्या खड्ड्याला वळसा घालून फेरे पुरे केले.

२ जूनला निर्जला एकादशी होती. आत्या ती अजून धरते. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. आणि त्याच दिवशी घरात जेवढं म्हणून भांडं आहे तेवढं पाण्यानं भरायचं काम तिनं अंगावर घेतलं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की विहीर असून नसल्यासारखी. तांब्याचे हंडे, घंगाळ, पितळी कळशा, लग्नकार्यातली तपेली, दुधाच्या चरव्या, शेवटी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. पाणी गाळून घ्यायचं, काठापासून चार बोटं खाली थांबायचं, वर ताटली, ताटलीवर दगड. मी आणि वहिनी ओतत होतो आणि ती भिंतीशी पाट घेऊन बसून सांगत होती, हे पिण्याचं, हे स्वयंपाकाचं, ते मोरीतलं. दुपारपर्यंत तिचे ओठ कोरडे पडले होते. वहिनीनं एकदा, “आजच्या दिवस घ्या हो घोटभर, देव काही म्हणत नाही,” असं म्हणून पाहिलं. आत्यानं उत्तर म्हणून तिसऱ्या हंड्यावरची ताटली सरळ केली.

पंपाच्या आधी विहिरीवर रहाट होता. तो गेला त्याला मोप वर्षं झाली. आता दोर आणि पोहरा शोधायला पुतण्याला माळ्यावर चढवलं. पोहरा सापडला, दोर उंदरांनी खाल्लेला. मग माळ्यावरून काय काय खाली आलं! कंदील तीन, त्यातला एक धडका. पण रॉकेल कुठून आणणार, रेशनवर ते कधीच बंद झालेलं. तेव्हा समया घासून ठेवल्या. खोबरेल घरचंच होतं. सुंभाचं एक वेटोळं, जुना पेट्रोमॅक्स, बाळंतिणीची बाज. आत्यानं बाज पुन्हा वर पाठवली.

सगळ्यात अडचण झाली ती कोकमांची. रातांब्यांचे दिवस संपत आलेले. फळं फोडून, साली वेगळ्या करून, मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात, असं साली काळपट होईपर्यंत चालतं. आमची अर्ध्यावर आली होती. अंगणात चटयांवर पसरलेली लालजर्द सालं, वर माश्यांसाठी जुनं पातळ. त्यांना ऊन हवं होतं आणि आकाश तर सकाळपासून शिसवी. “आता ही बुरसणार,” वहिनी म्हणाली. टाकून द्यायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली नाही. आम्ही त्या चटया उचलून माजघरात आणल्या, खाली वर्तमानपत्रं घातली, आणि ज्या खोलीत उद्या पाच माणसांनी बसायचं होतं तिचा निम्मा भाग कोकमांना दिला. रस कागदातून झिरपून फरशीवर उतरला. ते डाग अजून आहेत. फरशी लिंबानं घासली, राखेनं घासली, गेले नाहीत.

आतापर्यंतचं सगळं पाहिलं तर ती पावसाचीच तयारी होती, नेहमीपेक्षा घाईनं आणि नेहमीपेक्षा जास्त. वारा त्यात आला तो दुपारी, एका कोळी शेजाऱ्याच्या तोंडून. १ जूनपासून मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या तशाही आत घेतलेल्या होत्या. त्या खाडीत आणखी आत ओढून, नांगर आणि दोर दुप्पट करून तो घरी निघाला होता. दादा पडवीला पश्चिमेकडून झापं बांधत होता. तो क्षणभर बघत उभा राहिला आणि म्हणाला, “हिकडून कशाला बांधतोस? वारा आधी डोंगराकडनं येणार.”

ते खरं होतं आणि आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. आपल्याकडे वादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. केंद्र अजून समुद्रात, नैर्ऋत्येला असतं तेव्हा त्याच्या पुढच्या अंगाला असलेल्या किनाऱ्यावर वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून येतो. केंद्र निघून गेलं की तो फिरतो आणि समुद्राकडून सुटतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडच्या पावसाला पाठ देऊन बसलंय. पश्चिमेला खिडक्या लहान, वळचण खाली उतरलेली, पडवी रुंद. पूर्वेला मात्र ओटी, मोठं दार, गजांच्या उंच खिडक्या. घराचं सगळं मोकळेपण त्या बाजूला. पाऊस तिकडून कधी आलाच नाही, मग बंदोबस्त करायचा कशाला?

दादानं झापं सोडली आणि सगळं बिऱ्हाड ओटीवर आलं. खिडक्यांना आतून फळ्या ठोकल्या. कुंड्या, बाक, सायकली, तुळशीपाशी ठेवलेली परात, जे जे उडेल ते आत. मोठ्या दाराला आतून अडसर होता, पण लाकूड जुनं. मग दादानं ओटीवरचा झोपाळा कड्यांतून काढला. सागवानी फळी, तीन माणसं आरामात बसतील अशी, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेली. ती दाराला आडवी लावून दोन्ही बाजूंना पाचरी मारल्या. रिकाम्या कड्या वर लोंबत राहिल्या, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून वहिनीनं त्यांना जुनी ओढणी गुंडाळली. झोपाळ्याशिवाय ओटी मी पहिल्यांदाच पाहत होते. आत्या तिकडे फिरकलीच नाही.

गोठ्याच्या पत्र्यांवरून वाद झाला. शेजारच्या दोन-तीन घरांनी पत्र्यांवर चिरे ठेवले होते, दादालाही तेच करायचं होतं. सुतार म्हणाला, “चिरा काही पत्रा धरून ठेवत नाही. वारा खालून शिरला की पत्रा उठणार आणि चिरा खाली गुराच्या पाठीत. बांधा.” मग कोळ्याकडून नायलॉनचा दोर आणला, छपरावरून आरपार टाकला आणि दोन्ही बाजूंना जांभ्याच्या खांबांना आवळला. गुरं बांधून ठेवू नका, अशी दवंडी होतीच. गाय आणि वासरू पडवीत आणली, दावी सोडली. गाईला हे काही पटलं नाही. रात्रभर ती पडवीत येरझाऱ्या घालत होती आणि सकाळी पाहिलं तर कोकमाची एक चटई, जी पडवीत राहिली होती, साफ.

संध्याकाळी मोबाइलवर संदेशांचा पाऊस. पुतण्या मोठ्यानं वाचत होता. एक म्हणे, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा, वारा आरपार जाऊ द्या, घर वाचेल. दुसरा म्हणे, घट्ट बंद करा. सरकारी सूचना बंद करायचीच होती आणि कौलारू घराला ती लागूही आहे. मंगलोरी कौल खिळ्यानं बसवलेलं नसतं. रिपेला अडकलेली एक बारकी खोबण आणि स्वतःचं वजन, एवढ्यावर ते असतं. वरून कितीही पाणी पडो, ते हलत नाही. पण वारा छपरावरून जोरात गेला की वरचा दाब उतरतो, आणि त्यातच उघड्या खिडकीतून शिरलेल्या वाऱ्यानं खालून रेटा दिला की कौलं उचलली जातात. शेकडो वर्षं वरून येणाऱ्या पाण्याचा विचार करत घडलेलं छप्पर. खालून कोणी हात घालील, ही शंका त्याला कधी आली नव्हती.

कागदपत्रं वहिनीनं बांधली. आधार, रेशनकार्ड, पासबुकं, पुतण्याची मार्कशीट, घरपट्टीच्या पावत्या, सातबारा. प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, मग पत्र्याच्या ट्रंकेत. दादानं त्यात एक वही टाकली. माड आणि पोफळींची वही, आजोबांपासून चालत आलेली, कुठल्या आळीत किती झाडं, कधी लावली, पहिला घड कधी धरला. आत्यानं देवांतला बाळकृष्ण फडक्यात गुंडाळून स्वतःच्या कनवटीला लावला. एवढं झाल्यावर मला वाटलं, झालं.

दादा बॅटरी घेऊन वाडीत गेला होता. मी मागोमाग गेले. वारा अगदीच नव्हता, इतका नव्हता की पोफळीची झावळी पडलेली ऐकू आली. तो केळींना बांबूचे टेकू देत होता. माडांवर नारळ लगडलेले. पाडेलीला सकाळीच निरोप धाडला होता, पण त्याला दहा वाड्यांचे निरोप, आणि घाईघाईनं पन्नास-साठ फुटांवर चढ असं कोणाला सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? तयार नारळ तसेच राहिले. माड तरी वाकतो, झावळ्या झाडून घेतो, त्याला वाऱ्याची थोडीफार माहिती आहे. पोफळीचं तसं नाही. हाताच्या कवेत मावेल एवढं खोड आणि उजेडासाठी माडांच्या वर वर चढत गेलेला शेंडा. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा जो लौकिक आहे तो या काटकुळ्या झाडांच्या जिवावर. त्यांतल्या कित्येकांवर मिरवेली चढवलेल्या. एक पोफळ मोडली की ती शेजारणीच्या अंगावर पडते, ती तिच्या शेजारणीच्या.

“यांना काय करायचं?” मी विचारलं.

“काही नाही,” दादा म्हणाला आणि पुढच्या केळीकडे गेला.

घर आवरता येतं. भांडी झाकता येतात, दारं ठोकता येतात, देव कनवटीला लावता येतो. पण आमच्यासारख्यांच्या घराचा खरा जीव मागच्या दाराबाहेर उभा असतो आणि तो आत घेता येत नाही. त्या दोन दिवसांत घरात कोणी वाडीचं नाव काढलं नव्हतं ते यामुळेच, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. दळण, पाणी, कोकमं, झोपाळा. आमच्या हातांत होतं ते आम्ही भरभरून केलं, आणि जे नव्हतं त्याच्याबद्दल बोलायला उसंतच ठेवली नाही. याला कोणी पळवाट म्हणेल. म्हणो. त्या रात्री सगळ्यांना झोप लागली ती दमल्यामुळे.

प्रत्यक्ष वादळाबद्दल लोक खूप विचारतात, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. हवामान खात्याच्या नोंदीत ते साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आलं, वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधूनच १२०. आम्ही माजघरात माळ्याखाली बसलो होतो, कोकमं आणि ट्रंकेच्या मधे. वारा डोंगराकडूनच आला. आधी कोने गेले, मग ओटीवरची कौलं. पत्त्यांचा कॅट पिसावा तसा आवाज होत ती एका बाजूनं उठत गेली. दारानं दम धरला. झोपाळ्याची फळी मधूनमधून कण्हत होती. मग वारा फिरला आणि मागच्या बाजूनं आला, आणि वाडीतून एक मोडण्याचा आवाज सुरू झाला तो बराच वेळ थांबला नाही. दादा मान खाली घालून बसला होता. बहुतेक मोजत होता. आत्या कोकमांवर पाणी गळतंय का ते पाहत होती आणि दर थोड्या वेळानं चटई इकडची तिकडे करायला लावत होती.

पाचच्या सुमाराला मागचं दार उघडलं तर समोर समुद्र. मळकट, फेसाळलेला, अगदी लख्ख दिसणारा. जिथे नेहमी हिरवा अंधार असायचा तिथे नुसता उजेड होता. माड बरेच उभे होते, काही शेंडा मोडून. पोफळी मात्र आळीच्या आळी एका दिशेला आडव्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दिवे यायला जुलै लागला. मोबाइलचा मनोरा पडल्यामुळे पुण्याला मी जिवंत आहे एवढं कळवायला कोणाच्या तरी मोटारसायकलवरून चिठ्ठी द्यावी लागली. कौलं मिळेनात, पत्र्यांचे भाव चढले. नुकसानभरपाई आधी हेक्टरवर ठरली, आणि इथल्या वाड्या तर गुंठ्यांत मोजायच्या. नंतर ती झाडावर आली, माडाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. पंचनामा करायला आलेल्यांपुढे दादानं वही ठेवली. त्यांना ती नको होती, त्यांना पडलेली झाडं मोजायची होती. पोफळ धरायला लागते ती पाच-सात वर्षांनी, भरात यायला त्याहून जास्त. पन्नास रुपयांत त्यातलं नेमकं कुठलं वर्ष बसतं हे विचारण्यात अर्थ नव्हता आणि दादानं विचारलंही नाही. आम्ही मात्र दळलेलं पीठ खात होतो, हंड्यांतलं पाणी पुरवून पुरवून वापरत होतो, संध्याकाळी खोबरेलाची समई लावत होतो. आत्याच्या खात्यात कुठेही काही कमी पडलं नाही. कोकमंसुद्धा टिकली, जरा करपट चवीची, पण टिकली.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. ते किनाऱ्याला न लागता समांतर वर गुजरातकडे गेलं, पण जाता जाता कोकणभर झोडपून गेलं. मी तेव्हाही माहेरीच होते. या खेपेला घराला वाऱ्याची तयारी ठाऊक होती. पूर्वेकडची कौलं तारेनं रिपांना बांधलेली. गोठ्याच्या पत्र्यांना हुकाचे बोल्ट. माळ्यावर नवा दोर, त्याच्याशेजारी पोहरा. करवतीला तेल. आळीतल्या चार घरांनी मिळून झाडं कापायचं पेट्रोलवरचं यंत्र घेतलं होतं, आणि ते कोणाच्या घरी ठेवायचं यावरून त्या चार घरांत बोलणं बंद होतं. गिरणीवर लोक दोन दिवस आधीच आले. गिरणीवाल्यानं जनरेटर घेतला होता, त्यामुळे भाजणीही चालली. झोपाळा दादानं न सांगता उतरवला आणि त्या जागी आत्यानं स्वतः खुर्ची आणून ठेवली.

वाडीत आदल्या पावसाळ्यात लावलेली पोफळीची रोपं होती, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या श्रीवर्धनी जातीची काही आणि काही घरच्या बियांची. फार तर कमरेएवढी. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून दर दोन रोपांमध्ये केळ. तौक्तेच्या वाऱ्यानं केळी सगळ्या भुईसपाट केल्या आणि रोपं त्यांच्याखाली गेली. सकाळी दादा आणि पुतण्या एक एक केळ उचलून बाजूला करत होते, मी कोयत्यानं पानं तोडत होते. बहुतेक रोपं शाबूत होती. दोन-तीन वाकली होती, त्यांना काठ्या लावल्या. आत्या मागच्या दारात उभी राहून विचारत होती, केळफुलं तरी आणताय का नाही. केळफुलं निघाली टोपलीभर, भाजीला आठवडाभर पुरली.

दुपारी चहा घेऊन दादा केळीचे मुनवे मागायला पलीकडच्या आळीत निघाला. “परत केळीच लावणार?” वहिनीनं विचारलं, “पुन्हा वारा आला म्हणजे?”

“पोफळीला दोन उन्हाळे तरी सावली लागते,” तो म्हणाला आणि पायांत वहाणा सरकवल्या.